पलंगाला वाचा फुटते तेव्हा

खोक्यातून येणारं फर्निचर पहिल्या उन्हाळ्यापर्यंत मुकाट असतं. ते घेतलं जातं दिवाळीच्या सवलतीत, आणि दिवाळीतली खान्देशची हवा इतकी गुणी की माणसंसुद्धा एकमेकांशी बरं बोलतात. पुढे आखाजी येते. लेकी माहेरी येतात, नातवंडं पलंगावर उड्या मारतात, जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसतो, भुसावळकर ‘आमच्याकडं एक अंश जास्तच’ असं अभिमानानं सांगतात, आणि अशाच एका रात्री कूस बदलताना पलंगाला वाचा फुटते. कर्र. दुसऱ्या कुशीवर वळावं तर कुईं. कूलरची घरघर, गल्लीतल्या कुत्र्यांचं भांडण, लांबवरची मालगाडी, हे सगळं कान पचवतात. हा एवढासा आवाज मात्र पचत नाही. तो आपण हललो म्हणून झालेला असतो, आणि पुढचा होऊ नये म्हणून आपण हलायचंच थांबवतो. मग झोप कसली येते!

दोष एकट्या पलंगाला देऊ नये. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत जास्त. आपल्याकडं मे महिन्यात हवा ओठ फुटतील इतकी कोरडी आणि ऑगस्टात पापड मऊ पडतील इतकी दमट. त्यात भर कूलरची. खिडकीत कूलर, खिडकीलगत पलंगाची उशाकडची बाजू, आणि रात्रभर ओल्या गवतातून येणारा गार वारा थेट तिच्यावर. एकाच पलंगाला उशाशी कोकण आणि पायथ्याशी राजस्थान. अशा पलंगानं सांध्यांची तक्रार केली तर नवल ते काय?

आकसलेल्या सांध्यात केसभर जागा होते आणि दोन तुकडे एकमेकांवर घासायला मोकळे होतात. पण नुसतं घासण्यानं आवाज होत नाही. एक तुकडा दुसऱ्याला धरून ठेवतो, जोर वाढला की सोडतो, सोडला की पुन्हा धरतो, आणि ही धरसोड सेकंदाला शेकडो वेळा चालते. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. पकड नीट बसावी म्हणून त्याला राळ लावतात. तत्त्व एकच, पलंगाचा रियाज तेवढा कमी पडतो.

हा रोग नव्या फर्निचरनं आणला म्हणावं, तर तसंही नाही. खेड्यातली बाज म्हणजे चार खूर, चार दांडे आणि सुंभ. घरातला म्हातारा कुशीवर वळला की ओसरीवरच्या सगळ्यांना कळायचं. त्यावरचा इलाज होता पाणी. खुरांच्या सांध्यांवर पाणी शिंपडलं की लाकूड फुगून एकमेकाला घट्ट धरायचं. बैलगाडीच्या चाकांचंही तेच. उन्हाळ्यात आरे खिळखिळे झाले, वरची लोखंडी धाव सैल पडली की चाकं डोहात नाहीतर हौदात भिजत टाकायची. आस कुरकुरला तर गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यातलं वंगण. इथल्या उन्हाळ्याचं आणि लाकडाचं भांडण पिढ्यान् पिढ्या असं पाण्यावर मिटत आलं.

नव्या पलंगाला मात्र तेच पाणी काळ ठरतं. माझे साडू तेव्हा धुळ्याला देवपुरात राहायचे. त्यांच्या पलंगानं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या आईनं, वय ऐंशीच्या पुढं, तांब्याभर पाणी आणून चारही पायांवर शिंपडलं. “पानी टाक, गप बसी जाई,” असा निकालही दिला. पलंग गप्प बसला, हे खरं. पण आठवड्याभरात पायांच्या पाट्या खालून फुगल्या, कडेची चकचकीत पट्टी सुटली आणि आतला भुसा घरभर दिसू लागला. ही पाटी म्हणजे लाकडाचा चुरा, गोंदात कालवून, तापवून, जबरदस्त दाबानं बसवलेला. पाणी मिळालं की तो चुरा दाबाचा सगळा वचपा काढतो. साग फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा आकसतो. ही पाटी एकदा फुगली की पहिल्यासारखी होत नाही. म्हातारीचं काहीही चुकलं नव्हतं. लाकूड म्हणून तिच्यापुढं जे उभं केलं होतं, त्यानं लाकडासारखं वागायला नको का?

तरी या पाटीला नावं ठेवायचा हक्क आपल्या कापूसपट्ट्याला कमीच. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘सिरकॉट’नं, पऱ्हाटीपासून अशाच पाट्या करायचं तंत्र केव्हाच बसवलेलं आहे. आपल्याकडं कपाशी निघाली की पऱ्हाटी चुलीत जाते नाहीतर बांधावर पेटते. कापसाची गादी आणि पऱ्हाटीचा पलंग, म्हणजे अख्खं झाड कामी आलं. कूलर फक्त लांब ठेवावा लागेल.

आणि सुट्या तुकड्यांचं फर्निचर ही काही मोबाइलवर खरेदी करणाऱ्यांची टूम नव्हे. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटनं १८५९ मध्ये वाफेवर लाकूड वाकवून १४ नंबरची खुर्ची काढली. ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट, संपली खुर्ची. एका घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या मावत. मुंबईच्या इराण्याकडच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या त्याच कुळातल्या. पुढं १९५६ मध्ये स्वीडनच्या आयकियातल्या गिलिस लुंडग्रेननं टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि चपट्या खोक्यांचा मोठा धंदा उभा राहिला, असं सांगतात. हिशेब वाण्याच्या पोरालाही कळेल असा आहे. फर्निचरच्या आतल्या हवेचं भाडं द्यायचं नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते एकमेकांना छेदतात. तिथून रोज किती संसार असे आडवे पडून ट्रकमधून जात असतील!

आता दुरुस्ती. आमच्याकडं एक मिस्तरी येतात. आले की बाकीचे लोक आधी पिशवी उघडतात, हे आधी चहा घेतात. मग त्यांनी मला पलंगावर बसवून डोलायला लावलं आणि स्वतः खाली उकिडवे बसून एकेका सांध्यावर तळहात ठेवत फिरू लागले. मी खात्रीनं उशाकडं बोट दाखवलं. “येतो तिथून भाऊ, पण राहत नाही तिथं,” असं म्हणत त्यांनी पायथ्याचा डावा सांधा थोपटला. पाटीतून, आडव्या दांड्यांतून आवाज सरपटत जातो आणि भलतीकडंच निघतो. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. तळहाताला जिथं थरथर लागेल तिथंच दुखणं, कानावर भरवसा ठेवायचा नाही.

निम्मी दुखणी तर पलंगाची नसतातच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणून आपण हसतो, पण जुन्या शहाबादी फरशीच्या घरात अंगण खरोखरच वाकडं असतं. चार पायांपैकी एक अधांतरी राहिला की सगळी चौकट पिळवटते आणि प्रत्येक सांधा बोलतो. तिरक्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीनं दाबून पाहिलं की डुगडुग लगेच कळते. तिथं पुठ्ठा खुपसणाऱ्याला महिन्याभरात पुन्हा खाली वाकावं लागतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बराच टिकतो.

सांधा सापडला की घरातला कर्ता पुरुष अंगातली सगळी ताकद त्या बिचाऱ्या स्क्रूवर काढतो. इथं ताकदीचं काम नाही. पाटीतलं भोक भुशातच पाडलेलं असतं. फार आवळलं की आटे चिरडतात आणि स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. तसं झालंच तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्या, गूल मोडून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्या भोकात बसवायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि मग स्क्रू फिरवायचा. एरवी सगळे बोल्ट आधी थोडे सैल करावेत, चौकट हलवून जागेवर बसू द्यावी आणि मग एकामागून एक थोडे थोडे आवळावेत. एकच कोपरा गच्च आवळला तर समोरचा रुसतो. गादीखालच्या आडव्या पट्ट्या जिथं चौकटीवर टेकतात तिथं जुन्या घोंगडीच्या चिंध्या घालाव्यात. लाकडावर लाकूड घासत असेल तर मेणबत्ती फिरवावी. मेणबत्तीची थोटकं खान्देशात प्रत्येक घरात निघतील. लोडशेडिंगनं मागं ठेवलेली एवढीच एक कामाची वस्तू. तेल मात्र नको. पाटी ते पिऊन टाकते, वर धूळ बसते आणि चार दिवसांनी काळा चिखल.

साडूंचा मार्ग वेगळा. पायांचं प्रकरण निस्तरल्यावर त्यांनी दुसरा पलंग आणला आणि जोडतानाच प्रत्येक खुंटीला, प्रत्येक भोकाला फेव्हिकॉल पाजलं. पलंग आजतागायत हूं की चूं करत नाही. पण त्यांची बदली नंदुरबारला झाली तेव्हा तो सुटेना, जिन्यातून उतरेना आणि दारातूनही निघेना. नव्या भाडेकरूला तो घरासकट द्यावा लागला. स्वतःच्या मालकीचं घर असेल आणि बदलीची नोकरी नसेल, तरच हा उपाय करावा असं माझं मत आहे.

शिवाय पलंग पूर्ण गप्प करावाच का, हाही विचार करावा. आमच्या शेजारी दहावीतला मुलगा आहे. रात्री १ वाजता त्याचा पलंग कुरकुरला की आईला बरोबर कळतं, अभ्यास संपलेला आहे आणि मोबाइल सुरू झालेला आहे. तिनं मिस्तरींना सगळ्या घराचं काम सांगितलं, त्या एका पलंगाला हात लावू दिला नाही. बंगईच्या कड्यांना तेल घालायचं नाही, अशी सक्त ताकीद देणारे आजोबाही मला ठाऊक आहेत. कड्या वाजल्या नाहीत तर आपण झोका घेतोय असं त्यांना वाटतच नाही.

ज्यांना शांत झोपच हवी आहे त्यांच्यासाठी एक सांगणं. खोक्यातून स्क्रूच्या पुडीबरोबर ती वाकडी सहा कोनांची एलन की येते. जोडणी झाली की आपण ती खोक्याबरोबर भंगारवाल्याला देतो आणि पुढच्या वर्षी पक्कड घेऊन झटतो. ती देऊ नका, पलंगाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावून ठेवा. पावसाळा संपून हवा कोरडी व्हायला लागते तेव्हाच खंडेनवमी येते. त्या दिवशी कोयता, विळी, पान्यांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहा, आणि पूजा आटोपली की तिनंच सगळे बोल्ट पाव-पाव फेरा आवळून घ्या.