इंजिन डावीकडे का रुसतं

भाच्याच्या होडीचं इंजिन मधूनच बंद पडतं, यात नवल नाही. देवबागला कर्लीच्या खाडीत रोज कुणाचं ना कुणाचं पडतंच. नवल हे, की ते मेकॅनिकसमोर कधी म्हणजे कधीच पडत नाही. भर पाण्यात, पर्यटकांनी सेल्फीसाठी माना वाकड्या केल्या की फट्ट करून गप्प. जरा वेळानं दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू. मेकॅनिककडे नेऊन पाण्याच्या पिंपात बुडवलं, तर साहेब तपासणीला आल्यावर शाळेतला सगळ्यात व्रात्य वर्ग बसतो तसं शहाण्यासारखं गुरगुरत राहिलं. "काय एक झालला नाय इंजिनाक," मेकॅनिक म्हणाला, आणि प्लग बदलला.

कायमच्या बिघाडाशी माणूस दोन हात करू शकतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची गोम अशी, की उपाय करायच्या वेळी इंजिन ठणठणीत असतं. त्यामुळे कुठलाही उपाय लागू पडतो. प्लग बदलला, चाललं. मग कॉइल बदलली. कॉइल तापली की आतली तार सुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते, असं मेकॅनिकचं म्हणणं. असं खरोखर होतं, म्हणूनच त्या म्हणण्याचे पैसे द्यावे लागतात. तेव्हाही इंजिन चाललं. बहिणीनं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, तेव्हाही चाललं. आणि खर्चाच्या मानानं नारळाचा गुण सगळ्यात जास्त दिवस टिकला, हे माझ्यासारख्या नास्तिकालाही मान्य करावं लागलं.

ओले एव्हिनरूड नावाच्या अमेरिकेतल्या गृहस्थानं 1909 साली अशी इंजिनं विकायला काढली, ती माणसाची वल्ह्यांतून सुटका व्हावी म्हणून. आमच्या होडीतली वल्ही मात्र झिजून गुळगुळीत झाली होती.

शेवटी शेजारचे आबा आले. एसटीच्या डेपोत वायरिंग करून निवृत्त झालेले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. भाच्याला विचारलं, "बंद पडता तेवा होडी खंय वळत असता?"

भाचा गप्प. मग म्हणाला, "त्सुनामी आयलंडाकडे. डावीकडे."

पिंपातलं इंजिन कुठंच वळत नाही, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधली चुंबकं फिरतात आणि ठिणगीपुरती वीज तिथंच तयार होते. ते थांबवायचं लाल बटण ही वीज इंजिनाच्या बॉडीत सोडून देतं, मग ठिणगी पडत नाही. म्हणजे बटणाची वायर वाटेत कुठं सोलली जाऊन बॉडीला टेकली, तर बटण दाबल्यासारखंच. ही वायर हँडलच्या बेचक्यातून जाते, आणि होडी वळवताना तिथंच घासते.

आबांनी आधी ती वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळली आणि पर्यटक न घेता भाच्याला खाडीत पाठवलं. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, गोल गोल फिरला, इंजिन हूं की चूं नाही. परत आल्यावर कळलं की आता ते थांबतही नाही. बटण मेलेलं, मनगटाला बांधायची सुरक्षेची दोरीही मेलेली. "चोक वड रे, चोक!" आबा किनाऱ्यावरून ओरडत होते. चोक ओढल्यावर पेट्रोलनं ठसकून ते एकदाचं गप्प झालं.

मग मल्टिमीटरची एक सुई त्या वायरीला, दुसरी बॉडीला. हँडल सरळ असताना मीटर मुका. डावीकडे दाबलं, की पीं! आत बोटभर वायर सोललेली, तांबं खारानं हिरवं पडलेलं. नवी वायर, तिच्यावर रबरी नळी, आणि आबांना मानधन म्हणून दोन बांगडे.

मेकॅनिक अजून म्हणतो, कॉइलचा गुण आला. बहीण काहीच म्हणत नाही, फक्त नारळवाल्याची उधारी माझ्या नावावर लिहून आली आहे.