काटकसरीचा थाट

आमच्या खिडकीच्या ग्रिलमधला टोमॅटो पिकला तरी तो लगेच तोडायचा नाही, असा मी घरात नियम केला आहे. शनिवारी कोणीतरी येणार असतं, आणि आलेल्या माणसाला टोमॅटो झाडावरच दिसला पाहिजे. एकदा कोशिंबिरीत गेला की घरचा काय आणि बाजारचा काय, सांगितल्याशिवाय कळत नाही. या नियमामुळे बरेच टोमॅटो बुलबुल खातात, उरलेले मऊ पडून सारात जातात. फोटो मात्र सगळ्यांचे आहेत.

सासूबाईंना हे पटत नाही. त्या रत्नागिरीकडच्या. पिकलं की काढावं आणि काढलं की खावं, एवढंच त्यांचं शेतीशास्त्र. "अगं, पाहुण्याला बघायला बोलावतेस की खायला?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं.

मी साधं राहते, काटकसरीनं राहते, हे आमच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना मी सांगते. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरेल अशी एक संक्षिप्त आवृत्ती माझ्याकडे तयार असते. सातव्या मजल्याच्या लोकांना सविस्तर मिळते. संक्षिप्तमध्ये ओल्या कचऱ्याचं खत येतं. सविस्तरमध्ये दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी आणि तुपाची बेरी घालून केलेलं थालीपीठ इथपर्यंत मजल जाते. सातव्या मजल्यावरचे जोशीकाका हल्ली जिन्याने जातात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे.

काटकसरीला सुरुवातीला पैसा फार लागतो, हे कोणी आधी सांगत नाही. डोंबिवलीत माती मिळत नाही. म्हणजे रस्त्यावर भरपूर आहे, पण कुंडीत घालायची मिळत नाही. म्हणून मी कोकोपीटची ५ किलोची वीट मागवली. ती भिजवली की फुगते असं वाचलं होतं. किती फुगते ते न्हाणीघराचं दार लागेना तेव्हा समजलं. सासूबाईंनी त्या तपकिरी ढिगाऱ्यात बोट घातलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "हा सोडणाचा भुसा ना गं? आमच्याकडे याचे ढीग पडलेले असायचे. हात घातला की विंचू." त्या दिवशी आमच्याकडे सोलकढी होती. तिच्यासाठी फोडलेल्या नारळाच्या शेंड्या मी सकाळीच कचऱ्याच्या गाडीत दिल्या होत्या.

मग कापडी कुंड्या आल्या, खताचा पिंप आला, कडुनिंबाचं तेल आलं, ते फवारायला बाटली आली. कढीपत्त्यावर पांढरा पिठ्या ढेकूण आला, तो एवढाच फुकट. नवऱ्यानं एकदा वही घेऊन एका टोमॅटोचा खर्च काढायला सुरुवात केली. मी त्याला तिथेच थांबवलं. काटकसरीचा हिशेब मांडला की काटकसर टिकत नाही.

अळू मात्र येतं. अळवाला कौतुक लागत नाही, खिडकीतल्या उन्हाचा कोन लागत नाही, फवारा लागत नाही. पाणी लागतं. पूर्वी परसात मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळ लावायचे, ते उगाच नव्हे. आमचं अळू तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर माजलं आहे. पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो, म्हणून चिंच घालायची, चांगलं शिजवायचं, हे सगळं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पण अळवाचं झाड बघून कोणी 'अय्या' म्हणत नाही. महाराष्ट्रात अळवाला कोणी कधी 'अय्या' म्हटलेलं नाही. त्यामुळे ते ग्रिलच्या मागच्या बाजूला, तेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यात लावलं आहे.

आता डब्यावर आलेच आहे, तर थोडं बोलून घेते. हा माझा आवडता विषय आहे आणि घरात तो ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही.

माझ्या मते या देशात पुनर्वापराचं खरं काम डालडाच्या डब्यानं केलं. डालडा बाजारात आलं १९३७ साली. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडासारखं झाड, आत वनस्पती तूप. त्या तुपाला लोकांनी काय काय नावं ठेवली! साजूक तुपावर वाढलेली माणसं डालडा खाणाऱ्या पिढीकडे दयेनं बघायची. कोणी धापा टाकत जिना चढला की "डालड्याची पिढी" म्हणून मोकळी व्हायची. पण डब्याला कोणीही कधी नाव ठेवलं नाही. तूप लपवून आणणारी घरंसुद्धा डबा उघड्यावर मांडायची.

तूप संपलं की डब्यात कढत पाणी ओतून तो स्वच्छ करायचा. मग त्यात रवा, चणाडाळ, शेंगदाणे. ही त्याची उमेदीची वर्षं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, इतर डब्यांच्या रांगेत, झाकण घट्ट. पुढे झाकण वाकायचं, मुंग्या शिरायच्या, आणि डबा खालच्या फळीवर यायचा. तिथे त्याच्याकडे रॉकेल. बुडाला गंज धरला की खिळ्यानं भोकं पाडून तुळस. काही घरांत तो रोज सकाळी चाळीच्या टोकाला जाऊन यायचा. त्या खात्याविषयी जास्त लिहीत नाही, रांगेत उभे राहिलेल्यांना आठवेल. पार पोचे पडून कोणाच्याच उपयोगाचा राहिला नाही, की पोरं त्याला गल्लीत न्यायची. डबा ऐसपैस खेळायला पत्रा वाजण्यापुरता शिल्लक असला तरी पुरतो. एकाच जन्मात धान्य, देवपूजा, प्रातर्विधी आणि मैदान, चारही सांभाळणारा असा कर्तबगार मी माणसांत पाहिलेला नाही.

त्याचे थोरले भाऊ, म्हणजे १५ किलोचे चौकोनी डबे. त्यांचा वरचा पत्रा कापायचा, काठ आत मुडपायचे, आडवी लाकडी पट्टी ठोकायची, की झाली पाण्याची बादली. नाहीतर भुशाची शेगडी. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद वर काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. धग तासन् तास राहायची. आणि शेगडी जळून जळून पातळ झाली की शिवणी उलगडून पत्रा सपाट करायचा, तो कोणाच्या तरी झोपडीच्या भिंतीला लागायचा. २००३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरनं डालडा हा ब्रँड बंगी कंपनीला विकला. तूप गेलं बंगीकडे. डबे तोवर सगळ्या देशभर आधीच वाटले गेले होते.

हे सगळं मी महिला मंडळात 'शून्य कचरा' या विषयावर बोलताना सांगितलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी सासूबाईंना भाषणाचा सारांश ऐकवला, तेव्हा त्या दुधाची पिशवी धूत होत्या. त्या पिशवीचा कोपरा कापतात, पण पूर्ण तोडत नाहीत, तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. हल्ली पर्यावरणवाले हेच करायला सांगतात, कारण तो चिमुकला तुकडा कचऱ्यातून वेचता येत नाही. सासूबाईंचं कारण निराळं होतं: तुकडा मोरीच्या जाळीत अडकतो. २३ जून २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी अमलात आली, तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण पिशवी परत घ्यायची, तिच्यावर परताव्याची किंमत छापायची आणि ती निदान ५० पैसे असायची, अशी अट होती. ही बातमी मी त्यांना मोठ्या आवाजात वाचून दाखवली होती. "घ्यायला कोण येणार?" एवढंच त्यांनी विचारलं आणि धुतलेली पिशवी भिंतीच्या फरशीवर चापटून चिकटवली. आमच्या दारी तरी अजून कोणी आलेलं नाही. फरशीवरून सुटून पडलेल्या पिशव्यांचा गठ्ठा त्या किलोवर रद्दीवाल्याला देतात. त्यांना या कामासाठी कोणी मंडळात बोलावलेलं नाही. बोलावलं तर जातील की नाही, शंकाच आहे. दुपारी त्यांची मालिका असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून वाण म्हणून लुटल्या. "किती छान कल्पना!" असं प्रत्येकीनं म्हटलं, अगदी एकाच चालीत. पुढच्या आठवड्यात त्यातली एक पिशवी चौथ्या मजल्याच्या दाराबाहेर, कचऱ्याच्या डब्याशेजारी बुटांसकट दिसली. पडदा चांगला होता हो. बारा वर्षं आमच्या दिवाणखान्यात होता.

एव्हाना माझा माळा भरला होता. लोणच्याच्या बरण्या, जॅमच्या बाटल्या, श्रीखंडाचे डबे, मिठाईचे खोके, खोक्यांवरच्या नाड्या. कशाचाही कधीही उपयोग होईल म्हणून मी काहीच बाहेर जाऊ देत नव्हते. एक दिवस भांडी घासता घासता मावशींनी विचारलं, "ताई, ती लोणच्याची बरणी रिकामी झाली ना?"

"झाली. पण मावशी, आता आपण सगळं पुन्हा वापरायचं ठरवलंय."

मावशींनी परात उपडी घातली. रागानं नव्हे, बोलल्या त्यासुद्धा सहजच. "तुमीच समदं वापराय लागलात, तर आमी काय न्यायचं?"

सासूबाई घर चालवायच्या तेव्हा रिकाम्या बरण्या ठेवलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बरणी धुतली, की ती मावशींची. साडी विरली की बोहारणीची, तिच्याशी तासभर भांडून एक पातेलं. देठं-सालं म्हैसवाल्याच्या बादलीत. त्यांनी साठवलं काहीच नाही. डालडाच्या डब्याची एवढी कवनं मी गाते, पण तो दर मुक्कामाला हात बदलत होता, वरच्या माणसाकडून खालच्या माणसाकडे जात होता. माझ्या माळ्यावर आला असता, तर रव्यापाशीच त्याचं आयुष्य संपलं असतं.

मावशी राहतात ते घर पत्र्याचं आहे. पावसाळ्यात नातीची शाळेची पुस्तकं त्या दुधाच्या पिशव्यांत घालून ठेवतात. शिळ्या पोळीचा कुस्करा त्यांच्याकडे नाश्ता असतो, आमच्याकडे तो 'पारंपरिक पदार्थ' असतो आणि वर कोथिंबीर असते. त्यांच्या दाराशीही पत्र्याच्या डब्यात मिरची आहे. तिचा फोटो कोणी काढत नाही. मी केलं की ती जीवनशैली, त्यांनी केलं की ती परिस्थिती. आणि मला कंटाळा आला तर मी उद्या सकाळी सोडून देऊ शकते, मंडळात एखादी म्हणेल, "हल्ली खतबित करत नाहीस वाटतं?" एवढंच. या गोष्टीची मला चीड येते, आणि ती कोणावर काढावी ते कळत नाही, कारण लिफ्टमध्ये बोलणारी मीच असते.

दुसऱ्या दिवशी मी माळा उतरवला आणि सगळा खजिना मावशींपुढे मांडला. हवं ते घ्या म्हटलं. माझ्या मनात थोडं गहिवरून येण्याचीही तयारी होती. मावशींनी पदर खोचला आणि एकेक वस्तू उचलून तपासायला लागल्या. "हिचं झाकन बसत न्हाई." "ही काचंची, पोरं फोडत्यात." "ह्याला लोनच्याचा वास मारतोय, नीट धुतली न्हाई तुमी." श्रीखंडाच्या डब्यांकडे तर त्यांनी बघितलंही नाही, म्हणाल्या, ते समद्यांकडंच असत्यात. शेवटी दोन मोठ्या बरण्या आणि एक पातेल्याचं झाकण घेतलं. झाकण आमच्या वापरातलं होतं. सासूबाईंनी डोळ्यांनी खूण केली, मी गप्प बसले.

बाकीचं सगळं परत माळ्यावर गेलं आहे. रद्दीवाला काचेच्या बाटल्या घेत नाही, त्यामुळे त्या आता आमच्याच.

तर वाचकहो, अळू उदंड झालं आहे. फतफत्यासाठी, वड्यांसाठी, कशासाठीही. ज्यांना हवं असेल त्यांनी सकाळी नऊच्या आत यावं. पाहुणे म्हणून नव्हे, न्यायला यावं. भाषण होणार नाही, असा शब्द देते. चिंच आपापली घालावी. पिशवी मात्र घरून आणावी; आमच्या अजून वाळताहेत.