काळ्या केळ्याचं भाग्य

मराठी घरातला फ्रीझर हा मुळात माळाच, फक्त थंड. टाकवत नाही आणि आत्ता लागतही नाही अशी प्रत्येक वस्तू तिथे जाऊन बसते. डिसेंबरात स्वस्त झाले म्हणून सोलून ठेवलेले मटार, खवलेलं खोबरं, कुणाच्या तरी बारशाचे पेढे, आणि मागच्या कोपऱ्यात एक पिशवी. तिच्यात काय आहे ते गाठ सोडल्याशिवाय कळत नाही, आणि बर्फ धरल्यामुळे गाठ सुटत नाही. श्रीखंडाचा डबा उघडला आणि आत श्रीखंडच निघालं तर माणूस दचकतो. या गर्दीत फळांना जागा करायची म्हणजे आधी मटारांचा निकाल लावावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळा सुरू होतो तो लागोपाठ मटार-भाताने.

गोठवलेल्या फळांचा खाऊ करायला खरं म्हणजे काही येत असावं लागत नाही. तरी मोबाइलवर त्याचेही व्हिडिओ आहेतच. त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यावर ब्लूबेरी दह्यात बुडवून ओळीने मांडत असतात. ओट्यावर दुसरं काही नसतं. दुधाचं पातेलं नाही, कणकेची परात नाही, कालचं वर्तमानपत्र नाही. भाची म्हणाली, "मावशी, आपण करू या ना!" ब्लूबेरीच्या एवढ्याशा डबीवरची किंमत वाचून झाल्यावर आम्ही दोघी काही न बोलता द्राक्षांच्या गाडीकडे वळलो.

आणि तेच बरं झालं, कारण या प्रकारात द्राक्षाच्या जवळपास येईल असं फळ नाही. तासगावची घ्या, नाशिकची घ्या, सोलापूरची घ्या. बिनबियांची असली की झालं. घडसुद्धा लागत नाहीत. गाडीच्या एका कोपऱ्यात गळालेले सुटे मणी ढीग करून ठेवलेले असतात, ते गाडीवाला निम्म्या भावात देतो, आणि देठापासून सोडवायचं आपलं काम वाचतं. मणी धुवायचे आणि पंचावर पसरून चांगले कोरडे होऊ द्यायचे. नेमकी ही पायरी सगळे गाळतात. ओले मणी डब्यात भरले की दुसऱ्या दिवशी डब्याच्या मापाचा एकच मणी हाती येतो. कोरडे झालेले मणी ताटलीत सुटे-सुटे मांडून गोठवायचे, कडक झाले की डब्यात भरायचे. झाली पाककृती.

असा मणी बाहेर काढला की बघता बघता त्यावर पांढरट दंव धरतं आणि हिरवा रंग त्याखाली जातो. बोट लागेल तेवढीच जागा पुन्हा हिरवी होते. दाताखाली आधी साल करकन तुटते. आत बर्फाचा खडा असणार म्हणून दात सावध झालेले असतात, पण खडा लागतच नाही. लागतो तो बारीक, रवाळ, ओलसर गर, आणि तो जिभेवर लगेच विरतो. ही करामत साखरेची. पिकलेल्या द्राक्षात शेकडा सोळा ते वीस भाग साखर असते, आणि साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठायला राजी नसतं. चांगल्या फ्रीझरच्या उणे अठरा अंशांतही त्यातला थोडा भाग पाक होऊन तसाच राहतो. कलिंगडात साखर याच्या निम्म्याहून कमी आणि पाणी शेकडा नव्वदच्या वर. म्हणून गोठलेली कलिंगडाची फोड दिसायला सुंदर असली तरी कवळी असलेल्या पाहुण्यांपुढे ठेवू नये.

फळांच्या जगात मानपान फार. हापूसला पेटी आणि गवताची गादी, गळालेल्या मण्यांना गाडीचा कोपरा. फ्रीझरला हे मानपान ठाऊकच नाहीत. बाजारात पडेल भावात विकलं गेलेलं आणि टेबलावर आठवडाभर कुणी हात न लावलेलं फळ तिथे भाव खाऊन जातं, हा माझा अनुभव आहे.

केळ्याचंच घ्या. सालीवर काळे ठिपके दिसू लागले की ते केळं दुसऱ्या कुणीतरी संपवावं असं घरातल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं. आणखी एक दिवस गेला की त्याला हातात घेऊन, दाबून बघून, परत ठेवलं जातं. दाबल्यामुळे तिथे आणखी एक काळा डाग पडतो. शेवटी घरातली बाई ते उभ्याउभ्या खाते, नाहीतर शिकरण होतं. वास्तविक गोडीला हेच केळं सर्वांत पुढे, कारण पिकता पिकता त्यातल्या पिठुळपणाची साखर झालेली असते. ते सोलायचं (आधीच सोलायचं; गोठलेल्या केळ्याची साल सुरीलाही दाद देत नाही), चकत्या करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि सकाळी मिक्सरच्या भांड्यात घालायच्या.

पहिल्या फेऱ्यात नुसता खडखडाट होतो. शेजारच्या काकू खिडकीतून "काय दळताय?" विचारतात. मग चकत्यांचा चुरा होतो, तो सगळा भांड्याच्या काठाला जाऊन बसतो आणि पातं रिकामं फिरत राहतं. इथे धीर सुटून लोक दूध ओततात. ओतू नये, त्याचं मिल्कशेक होतं. मिक्सर थांबवावा, चमच्याने चुरा खाली ओढावा, पुन्हा एक फेरा, पुन्हा थांबावं. भांड्याखालचा भाग तापला असेल तर मिक्सरलाही जरा दम खाऊ द्यावा. असं करता करता एका फेऱ्यात आवाज एकदम उतरतो. झाकण काढून पाहिलं तर चुरा गेलेला असतो आणि आत घट्ट, गुळगुळीत, चमच्याला धरून राहणारं आइस्क्रीम असतं. त्यात साय नाही, साखर नाही, दूधसुद्धा नाही. केळ्याच्या दाट गरात पेक्टिन भरपूर असतं. बर्फाच्या कणांना त्यात मोठं व्हायला वाव मिळत नाही, म्हणून जिभेला ते साईचं वाटतं. ज्यांनी ते केळं दाबून परत ठेवलं होतं तेच आता वाटी पुढे करतात.

चिकूचीही तीच कथा. डझनभर चिकू आणावेत, तर ते चार-पाच दिवस दगड असतात आणि मग एका दुपारी सगळे एकदम पिकतात. त्या दुपारी घरात नेमकं कुणी नसतं. अशा वेळी त्यांच्या फोडी करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात. पुढे थोड्या दुधाबरोबर फिरवल्या की काम होतं. सीताफळही उत्तम लागतं, पण त्याचा गर बियांपासून सोडवणं हे नवरा-बायकोने एकत्र बसून करायचं काम नव्हे.

हापूसबद्दल मात्र माझं मत आमच्या घरात अल्पमतात आहे. धाकटे दीर देवगडची पेटी आणतात आणि त्यातल्या काही आंब्यांच्या फोडी मोठ्या प्रेमाने फ्रीझरमध्ये घालतात. मला ते बघवत नाही. थंडीत जिभेला गोडी कमी कळते, आणि वास म्हणजे शेवटी फळातून हवेत उडणारी द्रव्यं. गारठ्यात तीही नीट उडत नाहीत. हापूसचे निम्मे पैसे आपण वासाचेच मोजतो. ते मोजायचे आणि वर फळाचं नाक दाबायचं, हा कुठला न्याय? रस काढून गणपतीसाठी ठेवणं वेगळं. तो रस वितळून, चांगला भानावर येऊन मगच पुरीशेजारी वाढला जातो. गोठलेलाच खायचा तर रायवळ किंवा पायरीचा रस वापरावा, त्यात किंचित मीठ घालावं आणि वहिनींच्या हातून वाटावं, म्हणजे दीर काही बोलत नाहीत.

महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीचा स्वभाव याच्या उलट. गोठलेली असेपर्यंत ती झकास, पण वितळू दिली की संपली. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, सावकाश तयार झालेले बर्फाचे कण मोठे होतात आणि फळाच्या पेशींच्या भिंती फोडतात. बशीत लाल पाणी आणि मधोमध एक लिबलिबीत गोळा उरतो. तेव्हा ती थेट डब्यातून तोंडात जावी.

काडीवरच्या खाऊसाठी साचे विकत आणायची काही गरज नाही. लहान स्टीलचे पेले घ्यावेत. पातळ स्टील प्लास्टिकपेक्षा लवकर गार होतं. तोंडावर फॉइल ताणून बसवलं आणि मधोमध चीर देऊन काडी खोचली की ती उभी राहते. काढताना पेला नळाखाली धरला की आतला ऐवज सुटतो. ओल्या जिभेने गोठलेला पेला मात्र चाटू नये, जीभ चिकटते. आत काय घालायचं हा ज्याचा-त्याचा प्रश्न. कोकमाचं सरबत चालतं, काळं मीठ घातलेला जांभळाचा गर तर फारच चालतो. चव घेताना मिश्रण जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, गोठल्यावर ते बरोबर होतं. आणि नुसत्या सरबतात थोडा तरी गर हवाच. लहानपणी सायकलवरच्या लाकडी पेटीतून घेतलेलं गारेगार आठवा: दोनदा जोरात ओढलं की सगळा लाल रंग तोंडात आणि हातात काडीवर पांढरा बर्फ. न गोठलेला रंगीत पाक बर्फाच्या कणांमधून असा ओढून निघतो. गर असला की तो जागच्या जागी राहतो.

पेले आत गेल्यावर जे सुरू होतं त्याला इलाज नाही. सुट्टीत घरात जमलेली पोरं दर दहा मिनिटांनी फ्रीझर उघडून "झालं का?" म्हणून बघतात. उघडला की बाहेरची गरम हवा आत शिरते, म्हणजे व्हायला आणखी वेळ लागतो, म्हणजे आणखी उघडून बघावं लागतं. फॉइलखालून बोट घालून बघणारेही असतात; संध्याकाळपर्यंत प्रत्येक पेल्यावर कुणा ना कुणाची खूण असते आणि त्यावरून हक्क ठरतो. काडीवरच्या बर्फाचा शोध म्हणे असाच एका पोराच्या हातून लागला. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्को भागातला अकरा वर्षांचा फ्रँक एपर्सन सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर विसरला आणि सकाळी काडी धरून ओढली तर सगळं सरबत वर आलं. पेटंट घेईपर्यंत १९२४ साल उजाडलं. आपल्याकडे हा शोध लागणं शक्य नव्हतं. रात्री दहानंतर बाहेर राहिलेला पेला "कुणाचा हा?" अशी हाक होऊन घासायला पडतो.

या सगळ्यावर सासूबाईंचं एकच म्हणणं असतं: घसा धरेल. ही परंपरा आहे जुनी. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात बांधून, बोस्टनहून महिनोन्‌महिने समुद्रातून १८३३ साली कलकत्त्याला आला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत. जमशेटजी जीजीभॉय यांनी तेव्हा घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, आणि परदेशी चीज खाल्ल्याची ही शिक्षा योग्यच झाली असं 'मुंबई समाचार'ने म्हटलं, अशी आठवण सांगतात. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "मग? पेपरवाल्यांना कळत होतं तेव्हा," एवढंच म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा मार्ग वेगळा. त्या वाटीत चार मणी मागून घेतात, बाजूला ठेवतात, टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत थांबतात आणि मग खाऊन म्हणतात, "यात काय मोठं? द्राक्षंच तर आहेत."

हे सगळं हसण्यावारी न्या, पण एक गोष्ट नेऊ नका. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याच्या हाती अख्खा गोठलेला मणी देऊ नका. द्राक्षाचं माप नेमकं लहान घशात अडकेल असं असतं. त्याच्या वाट्याचे मणी उभे चिरून चार फोडी करा, खायला देताना जरा मऊ होऊ द्या, आणि खाऊन होईपर्यंत त्याला एका जागी बसवून ठेवा. चिरायचे मात्र गोठवण्याआधी. नंतर त्यावर सुरी ठरत नाही.