संप्रेरकांआधीचे संतुलन

कर्बोदके, म्हणजे धान्य, बटाटा व साखर यांतून मिळणारे पिष्टमय आणि गोड घटक, आवरली की संप्रेरके ताळ्यावर येतात आणि म्हातारपण लांबते, हा साक्षात्कार हल्ली दर सहा महिन्यांनी नव्याने होत असला, तरी त्याचा आद्य प्रचारक विल्यम बँटिंग हा लंडनमध्ये अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा गृहस्थ होता, त्यामुळे लोकांना दीर्घायुष्य चिंतण्यात त्याचा धंदेवाईक स्वार्थ होता, असे त्याचा शत्रूही म्हणू शकला नसता. 1863 सालच्या पुस्तिकेत त्याने साखर, बटाटे, दूध व बिअर यांना हद्दपार केले, पावाला नावापुरते ठेवले, मांसाला दिवसातून तीनदा मुभा दिली आणि जेवणासोबत क्लॅरेट नावाच्या तांबड्या मद्याचे दोन-तीन पेले पथ्यातच बसवले. या आहारपरंपरेतला हा भाग आजचे तिचे भाष्यकार सोयीस्करपणे विसरतात. संप्रेरकांसाठीचा ‘हार्मोन’ हा शब्द 1905 साली रूढ झाला, आणि रक्तशर्करा आवरणारे इन्सुलिन 1921 साली (तेही फ्रेडरिक बँटिंग या आडनावबंधूच्या प्रयत्नांनी) हाती लागले. तोवर विल्यमरावांनी संप्रेरकांची ओळखही नसताना सुमारे 46 पौंड उतरवले होते. त्यांच्याच आडनावावरून स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ असेच म्हणतात.