मिलिमीटर भाऊ

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेट लाटून सळया निघतात आणि त्या ८, १०, १२, १६ अशा नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जातात. ‘बाराची दोन टन टाक’ एवढं म्हटलं की ट्रक भरायला लागतो. अशा गावात एका माणसाला ‘मिलिमीटर’ हे टोपणनाव पडावं, म्हणजे मापाच्या वेडात त्यानं सगळ्या गावाला मागं टाकलेलं असणार. भाऊंनी टाकलं आहे.

भाऊ सळईच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. सळईचा व्यास मापायचा, मीटरभर तुकडा काट्यावर ठेवून वजन बसतंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो, हे सूत्र त्यांना तोंडपाठ. पण टोपणनाव कारखान्यात पडलं नाही. तिथं सगळेच मापतात. ते पडलं गिटारच्या पिकमुळे. तारा छेडायचा तो प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. जालना बियाण्यांचं गाव असल्यामुळे त्या शब्दावरून तुम्हाला आत्ता जो विनोद सुचला, तो भाऊंना आठही तालुक्यांनी ऐकवून झालेला आहे. ते हसत नाहीत.

कॉलेजात जाणारं एखादं पोरगं ऑनलाइन गिटार मागवतं, क्लास लावतं आणि कुणीतरी त्याला सांगतं, ‘पिक घ्यायच्या आधी भाऊंना विचार.’ सांगणाऱ्याचा त्या पोरावर जुना राग असावा.

“भाऊ, पिक कोणती घेऊ?”

“बस.”

“नाही, सहाला क्लास आहे, फक्त—”

“बस म्हणलं ना. तारा कितीच्या आहेत?”

“सहा.”

“सहा तर असतातच, लेकरा. नंबर? पहिली तार दहाची का बाराची?”

पोराला वाटतं, विषय सळईवर गेला. तो गेलेला नसतो. गिटारच्या तारांचा नंबर इंचाच्या हजाराव्या भागात धरतात. म्हणजे भाऊंच्या कारखान्यातली बारा आणि गिटारवरची बारा यांत जवळपास चाळीसपट फरक पडतो, आणि भाऊ हा फरक मनातल्या मनात गुणाकार करून सांगतात. मग पुढचे प्रश्न: स्ट्रमिंग करायचंय का एकेक स्वर काढायचाय? तळहाताला घाम येतो का? नखं वाढवतोस का? आणि तू डावखुरा आहेस का, हा प्रश्न पिकशी संबंध नसताना, केवळ नोंदीसाठी.

त्यानंतर खिशातून डबी निघते. वडिलांची तंबाखूची, दोन तोंडांची, स्टीलची. एका तोंडाला तंबाखू आणि दुसऱ्याला चुना असायचा. आता एका तोंडाला पातळ पिका आणि दुसऱ्याला जाड. भाऊ त्या तळहातावर ओळीनं मांडतात: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १.००, जांभळी १.१४. डबीला तंबाखूचा वास अजून आहे आणि तो पिकांनाही लागलाय, त्यामुळे भाऊंकडून पिक उसनी नेलेल्या एका मुलाची त्याच्या आईनं संध्याकाळी झडती घेतली होती.

भाऊ बोलतात ते खरं असतं, हीच अडचण आहे. नुसतं गाण्यामागे सगळ्या तारांवरून हात फिरवायचा असेल तर पातळ पिक बरी. ती वाकते, तारेत अडकत नाही, चुका पोटात घालते. पण फारच पातळ घेतली तर सुरापेक्षा प्लॅस्टिकची टकटकच जास्त ऐकू येते. जाड पिक वाकत नाही. तिनं खर्जाची तार भरून बोलते, एकेक स्वर सुटा पडतो. मात्र मनगट आखडलेलं असेल तर ती तारेत रुतते आणि मग पिक तरी हातातून उडते नाहीतर तार तरी तुटते. इलेक्ट्रिक गिटारच्या पुढे ॲम्प्लिफायर असतो, तो पुष्कळ सांभाळून घेतो. अकूस्टिकला एक लाकडी पेटी, तारा आणि तुमची पिक. “झाकायला काही नाही,” असं म्हणून भाऊ थांबतात. हा विराम ठरलेला आहे.

मग साहित्य. सेल्युलॉइडची पिक गोड वाजते, पण गुळगुळीत. जालन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की घामेजल्या बोटांतून ती सरळ गिटारच्या भोकात. नायलॉन मऊ, आवाजही मऊ. पूर्वी सगळ्यांत भारी पिक समुद्री कासवाच्या कवचाची समजत. हॉक्सबिल जातीचं कासव. त्या कासवांच्या व्यापारावर जगभर बंदी आली आणि कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. अमेरिकेतल्या डनलॉप कंपनीनं ‘टॉर्टेक्स’ नावाचा प्रकार काढला तो १९८१ साली. पावडर लावल्यासारखा खरखरीत पृष्ठभाग, घामातही पकड सुटत नाही. इथं भाऊंचा आवाज खाली येतो. “एक्क्याऐंशी. आपला जिल्हा कधी झाला? एक मे एक्क्याऐंशी.” पोरगं मान हलवतं. “आणि बाराच्या सळईचं मीटरमागे वजन किती? पॉइंट आठ आठ आठ. आणि हिरवी पिक?” पोरगं डबीकडे बघतं. “पॉइंट आठ आठ,” भाऊ स्वतःच सांगतात आणि टेकून बसतात. यातून काय सिद्ध होतं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एव्हाना सात वाजलेले असतात.

गावातल्या वाद्यांच्या दुकानात भाऊंना येताना पाहिलं की मालक पिकची बरणी पेटीमागे सरकवतो. दुकान मुख्यतः पेटी, तबले, टाळ, ढोलकी यांचं. भजनी मंडळांवर चालणारं. पिक तिथं दहा-वीस रुपयांना मिळते आणि गिऱ्हाईक रंग बघून घेतं. भाऊ मायक्रोमीटर घेऊन येतात. व्हर्नियर नाही, व्हर्नियर मिलिमीटरच्या शंभर भागांतल्या दोनपर्यंतच दाखवतो, मायक्रोमीटर एकपर्यंत. ते एकेक पिक जबड्यात धरतात, खटका ‘किर्र किर्र’ वाजेपर्यंत फिरवतात आणि ओठ दाबून वाचतात: “छापलंय पॉइंट त्र्याहत्तर. भरतेय पॉइंट सत्तर.” मालक म्हणतो, “भाऊ, एकदा वाजवून तरी बघा.” भाऊ म्हणतात, “वाजवणं नंतर.” तेवढ्यात टाळ घ्यायला आलेले वारकरी आजोबा उत्सुकतेनं विचारतात, “सोनं हाय का?”

३० डिसेंबर २०२३ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा गावानं फुलं उधळली. व्यापाऱ्यांनी धंद्याचा हिशेब केला, पोरांनी सेल्फी काढले. भाऊंनी तेव्हाचं वेळापत्रक वाचलं. पहाटे पाचनंतर निघायचं, बाराच्या सुमारास सीएसएमटी, आणि परतीची गाडी एकच्या पुढे. मधे तासाभराचा अवधी. सीएसएमटीहून धोबी तलाव चालत जवळ, आणि तिथं फुर्टाडोज, १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान. भाऊ गेले, अकरा पिका मापल्या, तीन घेतल्या आणि त्याच गाडीनं रात्री घरी. तिकिटाचे पैसे आणि पिकचे पैसे यांची बेरीज वहिनींनी केली. भाऊंनी फक्त पिकचे सांगितले होते.

पण खरेदी हा भाऊंचा अर्धाच संसार. उरलेला अर्धा प्रयोगांचा. क्वीन बँडचा ब्रायन मे पिकऐवजी सहा पेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतो, हे कळल्यावर घरातल्या पावल्या बाहेर निघाल्या. २५ पैसे चलनातून जून २०११ अखेर बाद झाले, पण जालन्याच्या घरांत बाद झालेलं काही टाकत नाहीत. पावली स्टेनलेसची, तारेवर घासली की कळशी खरवडल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी तार तुटली. भाऊंनी कारण लगेच सांगितलं: ते सहा पेन्सचं नाणं तांबं-निकेलचं, मऊ, आपलं पोलाद कडक. पोलादाबद्दल त्यांचा शब्द प्रमाण मानावाच लागतो.

मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापलं. ते संपलेलं नव्हतं. हा भाग वहिनी जास्त चांगला सांगतात.

एक प्रयोग मात्र मनापासून सांगण्याजोगा आहे. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची मोठी परंपरा; भाऊ तिथं दरवर्षी पुढच्या रांगेत बसतात आणि वादकाच्या चेहऱ्याकडे न बघता बोटांकडे बघतात. सतारीला तारेची नखी, हे सगळ्यांना माहीत. पण सरोदवादकाच्या हातात जवा असतो आणि तो चक्क नारळाच्या करवंटीचा करतात, हे कळल्यावर भाऊ सरोद ऐकायचे थांबले आणि विचार करू लागले. अंगारकीला राजूरच्या गणपतीहून आलेला नारळ घरात होताच. खोबऱ्याची चटणी झाली आणि करवंटी भाऊंच्या ताब्यात आली. चार संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ती कानशीनं घासली. आधी जाड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर, शेवटी खोबरेल तेलाचा हात. रेषा दिसायला लागल्या, कडा गोल झाल्या, टोक थोडं निमुळतं. माप १.४ मिमी, दर दहा मिनिटांनी मायक्रोमीटर.

आणि ती वाजली हो. खरंच वाजली. खर्जाच्या तारेवर घुमारदार, लाकडाला लाकूड भेटल्यासारखा आवाज, प्लॅस्टिकची टकटक औषधालाही नाही. आम्ही चार-पाच जण ओट्यावर होतो, सगळे गप्प झालो. कुणीही ‘वा’ म्हणालं नाही, कारण भाऊ नारळाच्या जातींवर गेले असते. तरी ते गेलेच. कोकणातून बाणवलीची करवंटी मागवायला हवी, टिपटूरचीही बघायला हवी, एका करवंटीवरून निष्कर्ष काढता येत नाही, सॅम्पल साइज नाही. ती पिक डबीत गेली, जाड तोंडाला. पुन्हा वाजलेली मी ऐकली नाही.

आता तुम्ही विचाराल, भाऊ वाजवतात काय? ‘यादों की बारात’ (१९७३) मधल्या ‘चुरा लिया’ची सुरुवात. या देशात गिटार धरलेल्या बहुतेक माणसांनी जिथून सुरुवात केली, तिथून. मूळ गिटार भूपिंदर सिंग यांची. आपण त्यांना गायक म्हणून ओळखतो, पण ते आधी पक्के गिटारवादक. भाऊ तो तुकडा वाजवतात आणि गाणं सुरू व्हायच्या जागेवर थांबतात. “हे झालं पॉइंट त्र्याहत्तरनं. आता अठ्ठ्याऐंशीनं ऐका.” तोच तुकडा. मग निळीनं तोच, जांभळीनं तोच. लाल आणि जांभळी यांतला फरक कुणाही कानाला कळेल असा आहे. मधल्या दोघींतला फक्त भाऊंना कळतो, आणि तोही त्यांनी आधी आकडा सांगितल्यावर. गाणं कधीच सुरू होत नाही. वहिनी आतून म्हणतात, “अहो, एवढ्या पिका आहेत, त्यातल्या एकीनं तरी कडवं वाजवा!”

गिटारवरच्या तारा, जवळ जाऊन बघा, गंजून तांबूस झाल्यात. पहिल्या दोन तारांवर बोट फिरवलं तर बोटाला काळा पट्टा उठतो. पोलादाच्या माणसाला गंज दिसत नाही असं नाही. पण त्यांचं म्हणणं असं, की तारा कोणत्या नंबरच्या घालायच्या ते पिकवर अवलंबून, आणि पिक तारांवर अवलंबून. तेव्हा आधी पिक ठरू दे. गिटारच्या पोटात तर कायम काहीतरी खुळखुळतं. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत ती उलटी धरून गदागदा हलवली तेव्हा आतून चार पिका, एक पावली आणि कापलेल्या एटीएम कार्डाचा उरलेला कोपरा पडला. वहिनींनी कोपरा उचलून देव्हाऱ्याशेजारी ठेवला, पुरावा म्हणून.

सहाच्या क्लासला सातपर्यंत न पोचलेलं ते पोरगं अखेर दुसऱ्या दिवशी दुकानात गेलं आणि बरणीतली केशरी पिक घेऊन आलं, न मापता. मास्तरांनी त्याला एवढंच सांगितलं, की अंगठा आणि पहिल्या बोटाची बाजू यांच्यामध्ये ती धर, टोक थोडंसंच बाहेर ठेव, मनगट सैल सोड. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यानं पूर्ण गाणं वाजवलं, कडव्यांसकट. टाळ्या पडल्या. भाऊ रांग ओलांडून स्टेजकडे निघाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाठ थोपटणार. त्यांनी पोराच्या हातातली पिक काढून घेतली आणि खिशातून मायक्रोमीटर काढला. किर्र किर्र.

“पॉइंट अठ्ठावन.”

“मग, भाऊ?”

भाऊंनी बराच विचार केला. “चालली,” म्हणाले, आणि पिक डबीत टाकून निघून गेले. पोराला नवी घ्यावी लागली.

तेव्हा नवीन गिटार घेतली असेल तर ०.६० ते ०.७३ मधली, खरखरीत पृष्ठभागाची कोणतीही पिक घ्या. दोन घ्या, कारण एक गिटारच्या पोटात जाते. आणि भाऊंनाच विचारायचं असेल तर रविवारी जा, ते सकाळपासून घरी असतात. फक्त त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका, आणि एटीएम कार्ड घरी ठेवून जा.