मध्यस्थच बोहल्यावर

अमेरिकेत उपाध्यक्षपदासाठी अमुक येणार की तमुक, यावर महिनोन्महिने पैजा लागतात. 2000 साली अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश यांनी हे स्थळ शोधायचं काम डिक चेनींवर सोपवलं. चेनींनी इच्छुकांकडून गठ्ठाभर कागद भरून घेतले, एकेकाची कुंडली चाळली, आणि शेवटी मध्यस्थच बोहल्यावर चढले! अडचण एकच, दोघंही टेक्सासचे. सगोत्र म्हणा ना. राज्यघटनेनुसार टेक्सासच्या 32 निर्वाचकांना, म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्यांना, या दोघांपैकी एकालाच मत देता आलं असतं. मग चेनींनी जुलैत वायोमिंग गाठलं, तिथल्या मतदारयादीत नाव घातलं आणि गोत्र बदलून घेतलं. कुंडल्या दिलेले बाकीचे घरीच. बुश निवडून आले ते निर्वाचकांच्या 271 मतांवर. लागत होती 270.