सोबत परिचय जोडला आहे

सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची सूचना पडते आणि तिच्या पाठोपाठ आमच्या कवींची लिंक. टँकर अधूनमधून चुकतो, लिंक चुकत नाही. खाली एकच ओळ असते, 'ताज्या अंकात माझ्या तीन कविता. सवडीने वाचाव्यात.' मग भराभर अंगठे उमटतात, गुलाब येतात, दुसऱ्या मजल्यावरचे काका नेमाने हात जोडतात. त्या लिंकवर बोट ठेवून पलीकडे कोण गेलं, याची विचारपूस सभ्य माणसं करत नाहीत. कवी करतात. जिन्यात गाठून म्हणतात, "वाचल्यात का?" आपण म्हणावं, "छान आहेत." त्यावर लगेच, "कुठली जास्त भावली?" इथे भलेभले सापडतात. 'दुसरी' हे उत्तर त्यातल्या त्यात सुरक्षित समजलं जातं. आमचे सेक्रेटरी एकदा असेच 'दुसरी' म्हणून मोकळे झाले. त्या दिवशी कविता एकच होती.

पाठपुरावा कवींच्या हाडात आहे. त्यांची उभी हयात एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली. निवृत्तीनंतर काव्यलेखन वाढलं, पण खातं तेच राहिलं. लॅपटॉपवर त्यांचा एक एक्सेल तक्ता आहे: कविता, कुठे पाठवली, कधी पाठवली, काय झालं. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक धरतात. इथेही तोच दंडक. नव्वद दिवसांत संपादकाचं उत्तर आलं नाही की ती ओळ पिवळी होते, पुढे ती 'संशयित' होते, शेवटी 'बुडीत'. पण वसुलीतला माणूस बुडीत म्हणून गप्प बसेल? बुडीत कवितेचं शीर्षक बदलायचं, शेवटचं कडवं वर घ्यायचं आणि दुसऱ्या मासिकात तिच्या नावाने नवं खातं उघडायचं. असल्या प्रकाराला रिझर्व्ह बँक हरकत घेते. संपादकांना थांग लागत नाही.

छापील मासिकांचं नाव काढलं की कवी जरा कडवट होतात. कॉलेजात असताना पाठवलेल्या दोन कविता एका मासिकाकडून साभार परत आल्या होत्या आणि परत येताना पाकिटावर पोस्टाने जादा पैसे वसूल केले होते. त्या पैशांचा त्यांना अजून राग आहे. आता ऑनलाइन मासिकांमुळे साहित्यात लोकशाही आली, असं ते मानतात. परंपराही त्यांनी शोधून ठेवली आहे. "चित्रे-कोलटकरांनी १९५४ साली 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून. त्या काळचं ऑनलाइनच की ते! आणि कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी'? १९७६ साली पुस्तक झालं, पण आधी १९७४ साली नियतकालिकात आली होती, नियतकालिकात!" हे सगळं खरं आहे. फक्त त्याच कोलटकरांच्या घरी टेलिफोनसुद्धा नव्हता, हा भाग ते सांगत नाहीत. यांच्याकडे दोन सिमकार्डं आहेत आणि लिंक दोन्हींवरून येते. बंडखोरीची मात्र थोडी अडचण झाली आहे. १९६९ साली संतापलेल्या तरुणांनी 'सत्यकथा'चा अंक जाळला होता. आता जाळायचं म्हटलं तर काय, राउटर?

ऑनलाइन मासिकांचे नियम कडक असतात. कविता आधी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी, फेसबुकवर टाकली तरी ती प्रसिद्धच धरली जाईल. त्यामुळे कवींच्या मनात सतत एक झुंज चालू असते. फेसबुकवर टाकली तर संध्याकाळपर्यंत शंभरेक लाइक. मासिकाला पाठवली तर चार महिने चिडीचूप. मोह अनावर झाला की ते रात्री टाकतात आणि पहाटे उठून पुसतात. आम्ही काहीजण त्या मधल्या वेळात जागे असतो, म्हणून आम्हाला त्यांच्या अप्रकाशित काव्याची बरीच माहिती आहे.

मध्यंतरी त्यांनी स्वतःच्याच कवितांचे इंग्रजी अनुवाद करायला घेतले आणि कारभार सातासमुद्रापार गेला. तिकडच्या पुष्कळ मासिकांना कविता नुसती पाठवून भागत नाही, सोबत तीनेक डॉलर शुल्क भरावं लागतं. कार्डावरचा खर्च पाहून वहिनींनी विचारलं, "अहो, कविता छापायला आपणच पैसे द्यायचे?"

"छापायला नाही गं. वाचायला."

"मग मला द्या. मी वाचते."

कवींनी तो विषय तिथेच थांबवला. वहिनींच्या बोलण्यात हिशेबाची चूक नव्हती, हे बँकेतल्या माणसाला कळलं असणार.

पण माझ्या मते त्यांची खरी प्रतिभा कवितेत नाही, परिचयात आहे. प्रत्येक मासिकाला कवितांबरोबर कवीचा परिचय लागतो आणि तो स्वतःच, पण आपण कुणी तिऱ्हाईत आहोत अशा थाटात लिहायचा असतो. कविता ते लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहितात, डोंबिवलीला बसलेली कविता मुलुंडला पुरी होते. परिचयाला मात्र आठवडा लागतो, आणि दर अंकाला तो नवा. 'विद्यमान मराठी कवितेतील' की 'समकालीन मराठी कवितेतील', यावर एक रविवार खर्ची पडतो. परदेशी मासिकं चाळताना त्यांच्या लक्षात आलं की तिकडचे कवी बहुतेककरून मांजरांसोबत राहतात. आमच्या इमारतीत जिन्याखाली एक लंगडा, लालसर बोका असतो, पाण्याच्या पंपापाशी झोपतो. कवींनी त्याला दोन दिवस दूध घातलं आणि तिसऱ्या दिवशी परिचयात घेतलं. 'ते मुंबईजवळ पत्नी आणि मांजरासह राहतात.' पुढच्या मासिकात परिचयाला पन्नास शब्दांची मर्यादा होती. कुणाला तरी कापावं लागणार होतं. बोका राहिला.

त्याच परिचयात हल्ली 'पुशकार्टसाठी नामांकित' असंही असतं. हे पुशकार्ट म्हणजे अमेरिकेतलं एक मानाचं वार्षिक संकलन. लहान मासिकांत आणि छोट्या प्रकाशनांत आलेल्या निवडक साहित्याचं ते १९७६ पासून निघतं. प्रत्येक संपादकाने वर्षाला जास्तीत जास्त सहा कृती सुचवायच्या. अशी मासिकं उदंड, त्यामुळे दरसालचे नामांकित हजारांनी. आमच्या कवींना नामांकन देणाऱ्या मासिकाने वर्षभरात छापल्याच होत्या आठ कविता, त्यांतल्या सहा सुचवल्या. यांची आली. उरलेल्या दोन कुणाच्या, याचा मला राहून राहून विचार येतो. पण सोसायटीच्या गणपतीत शाल-श्रीफळ झालं. सेक्रेटरींनी माइकवरून 'जागतिक पुष्कराज पुरस्कार' असं जाहीर केलं आणि कवींनी मान लववून टाळ्या स्वीकारल्या. दुरुस्ती करून कार्यक्रमाचा रसभंग करायचा त्यांचा स्वभाव नाही.

समीक्षाही मिळाली. एका अभ्यासकाने कौतुकाने लिहिलं की या कवीची ओळ ऐन श्वासात तुटते आणि तुटलेला शब्द एकटा खाली उरतो, त्यात महानगरी माणसाचं एकाकीपण आहे. अभ्यासकाने कविता मोबाईलवर वाचली होती. लांब ओळ पडद्यात मावली नाही की उरलेला शब्द खाली घसरतो, त्यात कवीचा हात नव्हता. तरी त्या दिवसापासून आमचे कवी तशाच ओळी लिहितात. आता लॅपटॉपवरही त्या तुटलेल्याच दिसतात.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक मासिक बंद पडलं. छापील मासिक बंद पडलं तर निदान जुने अंक रद्दीच्या दुकानात तरी सापडतात. हे नुसतं नाहीसं झालं. संपादकांनी संकेतस्थळाच्या नावाची वार्षिक फी भरली नाही आणि ते नाव भलत्याच कुणी विकत घेतलं. कवींना पत्ता नव्हता. मुलीकडच्या मंडळींना आपलं साहित्य कळावं म्हणून त्यांनी नात्यातल्या ग्रुपवर ती जुनी लिंक पाठवली. उघडली की पत्त्यांचा पिसारा आणि 'रमी खेळा, बोनस मिळवा'. त्यांच्या सबंध कारकिर्दीत सगळ्यांनी उघडलेली ही एकमेव लिंक. व्याही तर पाऊण तास आत होते. वर त्यांचा निरोपही आला, "तुमच्यामुळे वेळ मजेत गेला." इतका मनमोकळा अभिप्राय कवींना त्याआधी कधी आला नव्हता, आणि नेमका तोच परिचयात घालता येत नव्हता.

दोन दिवस ते खाली फिरायला आले नाहीत. शेवटी वहिनींनी भाच्याला बोलावलं. संगणकातला मुलगा. त्याने सांगितलं, इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक संस्था १९९६ पासून जगभरची पानं साठवून ठेवते, तिच्या वेबॅक मशीनवर जुना पत्ता टाकून बघू. मी तेव्हा वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, तर मलाही बसवून घेतलं. पान उघडायला वेळ लागला. आधी करडा पडदा, मग मासिकाचं नाव, मग एकेक करून तिन्ही कविता. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. वहिनी चष्मा लावून पुढे वाकल्या आणि पहिली कविता खरोखर वाचायला लागल्या, ओठ हलवत. मीही वाचली. बरी होती. वाईट मुळीच नव्हती.

कवींची नजर मात्र पानाच्या तळाशी. त्यांनी माउस स्वतःकडे घेतला, खाली नेला, वर आणला, पुन्हा खाली नेला.

"परिचय कुठाय रे?"

"त्याचं पान वेगळं असणार, मामा. ते नाही साठवलेलं. पण कविता आहेत ना सगळ्या."

"कवितांचं काय घेऊन बसलास? त्या वहीत आहेत माझ्याकडे," कवी म्हणाले. "परिचय त्याच अंकापुरता लिहिला होता."